गायिकेला पेटीची साथ करताना नेमकं किती वाजवायचं?

प्रश्न नाशिकरोडच्या एका पेटीवादकाचा आहे. थोडक्यात असा: पेटीची विशारद परीक्षा झाली आहे, एकलवादन बरं जमतं. पुढच्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका लहान सभागृहात ओळखीच्या गायिकेला साथ करायची आहे. एक बडा ख्याल, त्याला जोडून छोटा ख्याल, मग एक नाट्यपद आणि शेवटी अभंग. राग अजून ठरलेला नाही. याआधी घरगुती बैठकींत साथ केली तेव्हा एकदा ‘फार वाजवतोस’ आणि दुसऱ्यांदा ‘पेटी ऐकूच आली नाही’ असं ऐकावं लागलं. मग किती वाजवायचं? आणि जाता जाता विचारलंय की साथच करत राहिलो तर कलाकार म्हणून काही किंमत उरते का.

मी नाशकात बरीच वर्षं पेटीची साथ करतो आहे. ख्यालाला, नाट्यसंगीताला, अभंगवाणीला, कथकला, तबल्याच्या एकलवादनालाही. त्यामुळे सांगतो ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. दुसरा एखादा साथीदार थोडं वेगळं सांगेल आणि तोही बरोबर असेल.

आधी प्रश्नच जरा हलवून घेऊ. एकलवादनात वाक्य कुठे सुरू करायचं, कुठे संपवायचं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसं यायचं हे सगळं तुम्ही ठरवता. परीक्षेसाठी वर्षानुवर्षं तुम्ही तेच घोटलंत. साथीला बसलात की हा निर्णय गायिकेकडे जातो, आणि तीही तो आधी ठरवून येत नाही, गाता गाता घेते. तुम्हाला तो कळतो ती स्वरावर टेकल्यावर. मग माणूस घाबरून दोनपैकी एक करतो. एक तर तिच्याबरोबर सगळंच वाजवत सुटतो आणि वाक्याच्या टोकाला तिच्यावर आपटतो, नाहीतर ती काय करते हे नीट कळेपर्यंत हात आखडून बसतो. ‘फार वाजवतोस’ आणि ‘ऐकूच आली नाही’ ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. ती कुठे थांबणार याचा तुम्हाला अंदाज नव्हता. तो यायला लागला की किती वाजवायचं ते पुष्कळसं आपोआप जागेवर येतं.

अंदाज येतो रागाच्या चलनावरून (स्वरांच्या चालीवरून), बंदिशीवरून (रागात बांधलेल्या गीतावरून) आणि त्या गायिकेच्या सवयींवरून. पहिलं तुमच्याकडे थोडंफार असणार. दुसरं मिळवता येतं. तिसऱ्यासाठी तिच्याबरोबर बसावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फोन करा आणि तिची पट्टी विचारा, म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या कितव्या पांढऱ्या किंवा काळ्या बटणावर येतो ते. हे सांगायला नको असं वाटेल, पण परीक्षेचा सगळा रियाज पांढरी एक किंवा काळी एकमध्ये केलेली मुलं ऐन वेळी काळी चार ऐकून गांगरलेली मी पाहिली आहेत. बायकांचे आवाज साधारण पांढरी पाच ते काळी पाच या टापूत बसतात. काळी चारमध्ये यमन वाजवून बघा: गंधार पांढरी एकवर येतो, तीव्र मध्यम पांढरी दोनवर, पंचम काळी दोनवर, धैवत पांढरी चारवर आणि निषाद पांढरी पाचवर. बोटांना हा नकाशा नवा असेल तर सगळं लक्ष बोटांकडे जाईल आणि कान रिकामे राहतील. स्केलचेंजर पेटी असेल तर पट्टी सरकवून काम भागतं, तरी मी तिच्याच पट्टीत बोटं बसवून घ्या असं सांगेन. पट्टी आयत्या वेळी बदलते. सर्दी झाली की अर्धा सूर खाली येते.

पट्टीबरोबर दोन गोष्टी आणखी विचारा. तानपुऱ्याची पहिली तार कशात लावणार, पंचमात, मध्यमात की निषादात? आणि बंदिशी कोणत्या? शक्य असेल तर फोनवर नुसत्या गाऊन, रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. बंदिश मिळाली की आधी पेटीला हात लावू नका. ती पाठ करा, शब्दांसकट, आणि टाळी देत गा. गळा कसाही असो. ज्याला बंदिश गाता येत नाही त्याला तिचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, कुठून उठतो ते नुसत्या कानाने पकडायला फार उशीर लागतो. विलंबित एकतालात बारा मात्रा असल्या तरी लय ठाय, म्हणजे अगदी संथ, असेल तर एक आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) पाऊण मिनिटाच्या घरात जातं. त्यात तबलजी प्रत्येक मात्रेचे पोटविभाग भरत असतो, आणि नवख्या साथीदाराला आपण सातव्या मात्रेवर आहोत की नवव्या, हे कळेनासं होतं. मुखडा साधारण शेवटच्या मात्रा-दोन मात्रांत उठतो, पण तो नेमका कुठून हे त्या त्या बंदिशीवर आहे. तेवढं पक्कं माहीत असेल तर मधल्या सगळ्या आवर्तनात तुम्ही निवांत ऐकू शकता.

आता आलापाकडे येऊ, कारण तुमचा गोंधळ तिथेच झाला असणार.

समजा तिने यमन घेतला. मंद्र निषाद, रिषभ, गंधार एवढ्यातच ती काही आवर्तनं फिरते आहे. या वेळी तुमचा हात गंधाराच्या वर जाता कामा नये. आवडीनिवडीचा प्रश्न नाही हा. तिने अजून जो स्वर लोकांना दाखवलेला नाही, तो तुम्ही आधी दाखवलात तर तिने जपून ठेवलेली जागा फुटते. ती पहिल्यांदा तार षड्जावर जाईल तेव्हा लोकांनी ‘वा’ म्हणायला हवं. तुम्ही दोन मिनिटं आधीच तो षड्ज भरावात (ती थांबते त्या जागेत) वाजवून ठेवलात, तर तो ‘वा’ तुम्ही खाल्लात. बुजुर्ग गायक या एका कारणासाठी साथीदार बदलतात आणि कारण कधी सांगत नाहीत.

आलापात तिच्या प्रत्येक स्वराचा पाठलाग करायचीही गरज नसते. ती ज्या स्वराकडे चालली आहे तो ओळखा आणि ती तिथे पोचली की तो मंद धरा. वाटेतल्या स्वरांपैकी दोन-तीन स्पर्श पुरेत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, पेटीवर निघत नाही, हे मान्यच करून बसा. तिची मींड पंचमावरून गंधारावर उतरत असेल आणि तुम्ही मधला मध्यम ठळक वाजवलात, तर तिने जे अखंड ठेवलं त्याचे तुम्ही तुकडे केलेत. पंचम सोडा, गप्प राहा, गंधारावर भेटा.

यावर कुणी म्हणेल, मग पेटी हवीच कशाला? हा वाद जुना आहे. स्वर अखंड सरकवता येत नाही आणि सूर ठरीव असतात, या दोन तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि साथीपुरती ती उठायला १९७१ उजाडलं. तक्रारीत तथ्य होतं. बाजारातल्या नेहमीच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक भाग शंभर सेंटचा (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कानाला कळतो, विशेषतः गायिका तानपुऱ्यात मिसळून गाणारी असेल तर. आपल्याकडचे बरेच जाणकार म्हणून एका पट्टीला धरून तानपुऱ्यावर पेटी लावून घेतात. ती त्या पट्टीत सुरेख बोलते, आणि दुसऱ्या पट्टीत तीच पेटी बेसूर वाटते. तुमची पेटी नेहमीची असेल तर साधा उपाय असा: शुद्ध गंधारावर ती लांब थांबली की तुम्ही भाता हलका करा, किंवा खालचा षड्ज-पंचम धरून गंधार तिच्या एकटीवर सोडा.

दरबारीचा गंधार, तोडीचा गंधार इथे तर हात राखूनच ठेवा. दरबारीतला कोमल गंधार नेहमीपेक्षा उतरलेला आणि आंदोलित असतो. पेटीचा कोमल गंधार त्याच्या शेजारी सरळ धरला तर दोघांचं भांडण ऐकू येतं. मी तिथे रिषभावर राहतो आणि गंधाराला नुसता कण, म्हणजे ओझरता स्पर्श, देतो.

राग आणि स्वरसंच यातला फरक साथीत फार लवकर उघडा पडतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधारावर वस्ती आणि चाल पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकारात धैवतावर जोर, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) वावर, आणि रिषभावर थांबायचं नाही. गायिका देशकार गाते आहे आणि तिने पाणी प्यायला गळा थांबवल्यावर तुम्ही रिषभ-गंधारावर रेंगाळत भराव केलात, तर ती घोट गिळेपर्यंत राग बदललेला असेल. पुढची दोन आवर्तनं तिला तो परत आणण्यात घालवावी लागतील.

मारव्यात तर याहून नाजूक. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गायक षड्जाला मुद्दाम टाळत राहतात. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये लोंबकळत ठेवण्यातच त्या रागाची संध्याकाळ आहे. एका खासगी बैठकीत मी श्रोत्यांत होतो. साथीला एक तरुण मुलगा, हात छान तयार. पण प्रत्येक वाक्यानंतर आधार म्हणून तो षड्ज धरायचा, कारण त्याला तसंच शिकवलं होतं. गायकाने तिसऱ्यांदा नुसता डावा हात उचलून पेटीकडे तळवा केला. मुलाने पेटीच बंद केली! तेही चूकच. त्याने धैवत धरला असता तर काम झालं असतं.

भराव, म्हणजे ती थांबते तेव्हा तुम्ही काय वाजवता, यावरच ‘फार वाजवतोस’ हा शेरा बहुधा मिळाला असेल. नियम म्हणून सांगण्यासारखं एवढंच, की तिने आत्ता जे गायलं त्याच्या आवारात राहा. तिचंच शेवटचं वाक्य थोडं सोपं करून म्हणा आणि बंदिशीच्या ओळीकडे वळा, म्हणजे तिला मुखडा उचलायला जागा तयार मिळते. स्वतःची हुशारी दाखवायची असेल तर ती मागेल तेव्हा. ती मागते, हेही लक्षात ठेवा. मान वळवून बघेल, हाताने ‘घ्या’ म्हणेल, एखादी जागा गाऊन मुद्दाम थांबेल. तेव्हा मात्र संकोच करू नका, एक पूर्ण आवर्तन घ्या आणि समेवर चोख आणून द्या. संकोची साथीदारही गायकाला नकोसा होतो.

आणि तबलजीकडे बघायला विसरू नका. तो भराव करत असेल तेव्हा तुम्ही बंदिशीची ओळ साधी, न हलवता धरायची. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली की गायिका दोघांच्या मध्ये अडकते.

तानांचं सांगतो, थोडक्यात. तान शब्दशः धरायचा अट्टहास सोडा. सपाट तान असेल तर तिच्या मागोमाग जाता येतं. गुंतागुंतीची असेल तर तिचा आकार धरा: कुठून उठली, वर कुठे टोकाला गेली, कुठे उतरली. शेवटचे चार स्वर आणि सम बरोबर आली की मधलं काय राहिलं ते कुणी मोजत नाही. हात फार तयार असणाऱ्यांचा इथे एक घोळ होतो, ते गायिकेच्या तानेपुढे जातात. लोक टाळ्या वाजवतात, ती हसते, आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरा पेटीवाला असतो.

परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी आता. गायिका नवखी असेल, घाबरलेली असेल, तर तिला पेटी जास्त लागते. सूर धरून ठेवा, मुखडा जरा ठळक द्या, तार सप्तकात जायच्या आधी तो स्वर अगदी हळू दाखवा. आत्ता वर लिहिलं त्याच्या उलट झालं हे मला कळतंय. पण जिचा गळा कापतो आहे तिच्यासाठी ‘न दाखवलेला स्वर’ जपण्यापेक्षा तिला तो सापडणं महत्त्वाचं. अनुभवी गायिकेला हेच केलंत तर तिला राग येईल, आणि यायलाच हवा. म्हणून पहिल्या तालमीत वाजवण्यापेक्षा तिला कुठे आधार लागतो ते टिपा. श्वास कुठे तुटतो, वरच्या सप्तकात जाताना सूर उतरतो का, मुखडा लवकर उचलायची सवय आहे का. आणि सरळ विचारा, ‘ताई, तुम्हाला मागून यायला हवं की बरोबर?’ काहींना प्रत्येक आलापानंतर उत्तर आवडतं, काहींना मागे नुसता सुरांचा पडदा हवा असतो. हे विचारण्यात कमीपणा नाही.

नाट्यपदाला वरची शिस्त तशीच्या तशी लावलीत तर पद पडेल. तिथे पेटी पडद्यामागे राहत नाही. सुरुवातीचा तुकडा तुमचा, कडव्यांमधल्या जागा तुमच्या, आणि शब्द न् शब्द गायिकेच्या सोबत. श्रोत्यांना ते पद पाठ असतं आणि त्याबरोबरचे पेटीचे किंवा ऑर्गनचे तुकडेही पाठ असतात. एखादा ठरलेला तुकडा तुम्ही खाल्लात तर तिसऱ्या रांगेतले काका तोंडाने वाजवून दाखवतील. या प्रकारात कसं वाजवावं हे ऐकायचं असेल तर पेटीवादक गोविंदराव पटवर्धनांच्या साथी शोधा. गाणाऱ्याच्या तोंडून शब्द निघतो आणि त्याच क्षणी तो पेटीतून निघतो, तरी गाणारा झाकला जात नाही. ख्यालाच्या साथीसाठी अप्पा जळगावकर ऐका, तेही भीमसेन जोशींबरोबर आणि मग एखाद्या वेगळ्या घराण्याच्या गायकाबरोबर. एकच माणूस दोन गायकांमागे दोन प्रकारे वाजवतो, हे कानांनी एकदा पकडलंत की माझ्या या लांबलचक उत्तराची निम्मी गरज संपेल.

अभंगासाठी शाळा तुमच्या घराजवळच आहे. भजनी मंडळांतले पेटीवाले बहुतेक कुठल्याच परीक्षेला बसलेले नसतात, स्वरलिपी वाचत नाहीत, पण म्हणणारा कुठेही गेला तरी त्याला सोडत नाहीत. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या जातात तेव्हा, किंवा एरवी कुठल्याही एकादशीच्या संध्याकाळी मंडळात जाऊन मागे बसा. बुवांनी चरण म्हटला की झीलकरी, म्हणजे मागून साथीला गाणारे, तो उचलतात आणि त्या उचलीच्या आधी अर्धा क्षण पेटी तिथे पोचलेली असते. अंदाज अंदाज म्हणून मी जो घोषा लावलाय तो तिथे उघड्यावर बघायला मिळतो. तुमच्या कार्यक्रमात झीलकरी नसतील तर तो परतावा तुम्हालाच द्यायचा आहे. तिने ओळ म्हटली की तीच ओळ पेटीवर, भजनी ठेक्यात, भरदार. इथे भाता मोकळा सोडा.

रियाजाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं असेल तर सुरुवात गायक द. वि. पलुसकरांपासून करा. एक तर ते आपल्या नाशकात जन्मलेले (१९२१), वडील विष्णू दिगंबरांनी इथेच रामनाम आधार आश्रम काढला होता. पण तो अभिमान बाजूला ठेवला तरी त्यांचं गाणं शिकाऊ साथीदारासाठी सोन्यासारखं आहे. मांडणी स्वच्छ, उच्चार स्पष्ट, तान कुठून कुठे गेली ते लगेच कळतं. जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकता येतात. पट्टी मात्र पुरुषाची आहे, तेव्हा हा अभ्यास कानांसाठी, बोटांसाठी तिच्या पट्टीत वेगळा वेळ काढा. पहिल्यांदा नुसतं ऐकून ते कुठे थांबणार ते तोंडाने सांगा. मग फक्त थांबण्याचे स्वर पेटीवर धरा, बाकी काही नाही. हे कंटाळवाणं आहे, बोटं वळवळतात, करा तरीही. ते जमलं की मधले स्पर्श आणि शेवटी भराव.

दुसरा रियाज तबलजीबरोबर: त्याच्या एकलवादनाला लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची फिरत राहणारी ठरीव धून, धरा. त्रितालात चंद्रकंसचा लेहरा सगळ्यांना येतो, तोच घ्या. तिथे गुण नेमका उलटा लागतो. तबलजी लयीशी कितीही खेळला तरी तुम्ही एक स्वर इकडचा तिकडे करायचा नाही. अर्धा तास तसं धरून बसलात की लय अंगात मुरते, आणि मग बडा ख्यालात मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

नाशकात गाण्याचे वर्ग पुष्कळ आहेत आणि बहुतेक वर्गांना विद्यार्थ्यांच्या तालमीला पेटीवाला हवा असतो. आठवड्यातून एखादी संध्याकाळ तिथे बसा. शिकाऊ गळे कुठेही घसरतात, त्यांना सांभाळणं हा मोठ्या गायकाच्या साथीपेक्षा अवघड अभ्यास आहे.

कार्यक्रमाच्या दिवसाच्या काही गोष्टी. पेटीचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, तानपुरा आणि तबला बदलता येतो. म्हणून तानपुरा किंवा तानपुऱ्याचं ॲप पेटीशी मिळवून घ्या, आणि तबला त्याच सुराला. गायिका स्वतःच्या ॲपवर लावून येते, ॲप ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर आणि तुमची पेटी किंचित चढी, असं नेहमी होतं. हे लोक येण्याआधी उरकायचं. सूर, म्हणजे पेटीतल्या पितळी जिभा, कानसने घासून मिळवायचा उद्योग त्या आठवड्यात करू नका. टोकाकडे घासलं की चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो, एवढं माहीत असलं म्हणजे हात बसला असं होत नाही. कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर पेटी आदल्या दिवशीच उघडून बोटांखालच्या सगळ्या पट्ट्या (बटणं) दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगून पट्टी अडकते आणि ती नेमकी गंधाराची निघते.

बसायचं गायिकेच्या डाव्या हाताला, तबला उजवीकडे. पेटी जराशी तिच्याकडे वळवून ठेवा म्हणजे तिचा चेहरा दिसेल. बायकांच्या आवाजाला साथ करताना वरच्या आवाजाचे सूर बंद ठेवून खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या आवाजाच्या) सुरांच्या जोडीवर वाजवलंत तर आवाज तिच्या खाली राहतो, अंगावर येत नाही. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातला तोच स्वरही वाजवणारी सोय) ख्यालात नको, अभंगात चालेल. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला आधीच सांगा की ख्यालात पेटीचा माइक खाली आणि नाट्यपदाला थोडा वर. मॉनिटरमध्ये मात्र स्वतःपेक्षा तिचा आवाज जास्त मागा. ‘पेटी ऐकूच आली नाही’ या शेऱ्याचं खापर पुष्कळदा माइकवाल्यावरच फुटायला हवं असतं.

आता ते शेवटचं, किमतीचं. गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या पेटीच्या साथीला बसायचे, आणि तेच टेंबे पुढे मोठे संगीतकार म्हणून ओळखले गेले. पेटीवादक तुळशीदास बोरकर एकल वाजवत, साथही करत, त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मान मिळत नाही असं नाही. मिळतो तो उशिरा, आणि आधी गायकांच्यात मिळतो, लोकांच्यात नंतर. तुम्हाला टाळ्यांची भूक जास्त असेल तर एकलवादन करा, त्यात वाईट काही नाही, आणि साथ अधूनमधून. दोन्ही करणारे पुष्कळ आहेत. व्यवहार मात्र स्पष्ट ठेवा: बिदागी किती, तालमी किती, पत्रिकेवर नाव येणार का, पेटी न्यायला-आणायला गाडीभाडं कोण देणार. हे आधी बोललात तर संबंध टिकतात. ओळखीतली गायिका आहे म्हणून गप्प बसणारे नंतर वर्षभर कुरकुरतात.

थोडक्यात सांगायचं तर या महिन्याभरात: पट्टी आणि बंदिशी आजच मागवा, बंदिशी गाऊन पाठ करा, तिच्याबरोबर निदान तीन तालमी ठरवा आणि पहिलीत कमीत कमी वाजवा. दुसऱ्या तालमीचं रेकॉर्डिंग करून, पेटी कुठे तिच्या आधी पोचली आणि कुठे मागे राहिली ते घड्याळ लावून लिहून काढा. तबलजीला निदान तिसऱ्या तालमीला बोलवाच, नाहीतर लय थेट रंगमंचावर ठरेल.

राग ठरला की कळवा. मारवा किंवा दरबारी निघाला तर कुठले स्वर धरायचे आणि कुठले सोडायचे ते बंदिशीसकट बघू. यमन किंवा भूप असेल तर तुम्हाला माझी गरज पडू नये.